डांगरेक डोंगरावरचा धुरा
(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला तो असा : 'परकीय सत्तांनी आखलेल्या सीमा व शेजारी राष्ट्रांतील वैर'. विषय भारदस्त आहे आणि मी काही प्राध्यापक नाही. माझी सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून गेली. शेतात साखळी ओढायची, खुणा शोधायच्या, नकाशावर रेघ मारायची आणि मग दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, एवढेच मला येते. आपल्या विदर्भात धुऱ्याचे भांडण म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. हातभर धुऱ्यासाठी भावाने भावाचे डोके फोडलेले मी पाहिले आहे. म्हणून हा मोठा विषय मी माझ्या धंद्याच्या बाजूनेच सांगणार आहे. विद्वान मंडळींनी सांभाळून घ्यावे.

सीमा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा रॅडक्लिफसाहेब येतात. हे गृहस्थ ८ जुलै १९४७ ला दिल्लीत उतरले. त्यापूर्वी त्यांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. १७ ऑगस्टला त्यांची रेषा जाहीर झाली, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर. चितगावच्या पहाडी मुलखात आपले चकमा बौद्ध बांधव राहतात. त्यांनी १५ ऑगस्टला रांगामाटीत तिरंगा लावला होता. दोन दिवसांनी त्यांना कळले की आपण पाकिस्तानात आहोत ! त्याचे परिणाम ते लोक पुढे कितीतरी वर्षे भोगत राहिले.

परंतु त्या रेषेवर मी आज बोलणार नाही. त्या दाव्यात आपण स्वतःच एक पक्षकार आहोत, आणि पक्षकाराला मोजणी कधी सरळ दिसत नाही, हा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा आपण जरा दूर जाऊ. जिथे दोन्ही पक्ष बौद्ध आहेत, दोन्हीकडे पहाटे भिक्खू भिक्षापात्र घेऊन निघतात, दोन्हीकडे पाली गाथा म्हटल्या जातात, आणि तरीही २०२५ साली दोनदा तोफा चालल्या, तिथे जाऊ. मी थायलंड आणि कंबोडिया यांच्याविषयी बोलतो आहे. या भांडणाच्या मध्यभागी जी वास्तू आहे तिच्या नावातच 'विहार' आहे, हे विशेष.

ख्मेर भाषेत तिला प्रेअह विहिअर म्हणतात, थाई भाषेत फ्रा विहान. 'पवित्र विहार' असाच दोन्हीचा अर्थ. मूळचे ते शिवाचे मंदिर, शिखरेश्वराचे. नवव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंत ख्मेर राजांनी ते बांधत नेले. त्यातले बरेचसे काम पहिल्या व दुसऱ्या सूर्यवर्मन राजाच्या काळचे. पुढे ख्मेर लोक बौद्ध झाले आणि तिथे बुद्धाची पूजा सुरू झाली. आपल्याकडे गोष्टी उलट्या दिशेने झाल्याचे आपण ऐकतो, तिकडे अशा झाल्या.

आता जागा नीट समजून घ्या, कारण सगळे भांडण जागेत आहे. दोन देशांच्या मध्ये पूर्व-पश्चिम पसरलेली डोंगराची रांग आहे, तिचे नाव डांगरेक. ख्मेर भाषेत डांगरेक म्हणजे कावडीची दांडी. किती योग्य नाव ! एका बाजूला एक देश लटकतो, दुसऱ्या बाजूला दुसरा. उत्तरेकडून, म्हणजे थायलंडकडून, जमीन हळूहळू चढत येते. दक्षिणेकडे, म्हणजे कंबोडियाकडे, एकदम कडा तुटतो आणि सुमारे पाचशे मीटर खाली कंबोडियाचे सपाट रान दिसते. मंदिर या कड्याच्या अगदी टोकावर आहे. त्याच्या पायऱ्या, दारे, मंडप एका रांगेत सुमारे आठशे मीटर पसरलेले आहेत आणि चढण उत्तरेकडून आहे. म्हणजे घराचे दार एकाच्या अंगणात आणि परसदार दुसऱ्याच्या कड्यावर. असे घर मोजायला मिळाले की आम्ही मोजणीदार मनातल्या मनात रजेचा अर्ज लिहायला घेतो.

हे मंदिर बांधले तेव्हा तिथे हद्द नव्हती. आपण आज ज्याला हद्द म्हणतो ती गोष्टच त्या मुलखात नव्हती. थोंगचाय विनिचकुल नावाचे थाई इतिहासकार आहेत, त्यांनी १९९४ साली 'सयाम मॅप्ड' हे पुस्तक लिहून हे फार चांगले दाखवले. जुन्या काळी छोटा राजा मोठ्या राजाला खंडणी देई आणि प्रसंगी एकाच वेळी दोन मोठ्यांना देई. कंबोडियाचा राजा सयामलाही मान देत होता आणि व्हिएतनामलाही. अशा राजाचे राज्य कुठे संपते असे विचारले असते तर तो हसला असता. राज्य माणसांवर होते, रेघेच्या आत नव्हते. त्या काळी सुख होते असे मात्र मी म्हणत नाही. सयामी फौजा यायच्या आणि माणसे धरून न्यायच्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस बट्टामबांग आणि अंगकोरचा सगळा मुलूख सयामने आपल्याकडे घेतला. अंगकोरजवळच्या शहराचे नाव सिएम रीप, आणि त्याचा अर्थ लोक 'सयामचा पराभव' असा सांगतात. भांडण फ्रेंच येण्याआधीपासून होते. फक्त त्याला तोवर नकाशा नव्हता.

नकाशा फ्रेंचांनी आणला. १८६३ साली कंबोडिया फ्रान्सच्या 'संरक्षणा'खाली गेला. १८९३ साली फ्रेंच गनबोटी बँकॉकच्या नदीत शिरल्या आणि सयामला मेकाँगच्या पूर्वेचा लाओस सोडावा लागला. १९०४ साली करार झाला, १९०७ साली दुसरा. या दुसऱ्या करारात बट्टामबांग, सिएम रीप, सिसोफोन हे प्रांत फ्रेंच कंबोडियाला मिळाले. सयाम स्वतः कोणाची वसाहत झाला नाही याचा थाई लोकांना अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण त्याची हद्द मात्र साहेबानेच ठरवली : पश्चिमेला व दक्षिणेला इंग्रजाने, पूर्वेला फ्रेंचांनी.

१९०४ च्या करारात डांगरेकची हद्द कशी लिहिली आहे ? पाणलोटाने. आपले कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. आढ्यावर पाऊस पडला की एक धार या अंगाला जाते, एक त्या अंगाला. ते आढे म्हणजे हद्द. ज्या जमिनीवरचे पाणी उत्तरेला मून नदीकडे जाते ती सयामची आणि ज्या जमिनीवरचे दक्षिणेला जाते ती कंबोडियाची. मजकूर उत्तम, मीसुद्धा याहून चांगला लिहिला नसता. ही हद्द प्रत्यक्ष जागेवर ठरवायला दोन्ही बाजूंचे अधिकारी घेऊन संयुक्त आयोगही नेमला होता.

इथे आपल्याला रोहिणी नदीची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. शाक्य आणि कोलीय यांचे रोहिणीच्या पाण्यावरून भांडण झाले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रसंग सविस्तर दिला आहे. शाक्य संघाच्या सभेत सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला आणि तोडगा सुचवला : आपण दोघे निवडू, कोलीयांनी दोघे निवडावेत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाचांनी भांडण मिटवावे. पुष्कळ लोक ही गोष्ट सांगताना करुणेवर थांबतात. मी मोजणीदार असल्यामुळे मला त्यातली कार्यपद्धती दिसते. दोन तुमचे, दोन आमचे, पाचवा दोघांच्या पसंतीचा. आमच्या खात्यातही मूळ नियम हाच : लगतच्या खातेदाराला नोटीस दिल्याशिवाय हद्द मोजू नये.

डांगरेकवर काय झाले ते आता बघा. आयोग दोघांचा होता, परंतु नकाशा काढायचे काम एकट्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी केले. सयामकडे तसे तंत्रज्ञ नव्हते, त्यामुळे सयाम सरकारनेच त्यांना तशी विनंती केली होती. नकाशे पॅरिसमध्ये छापले गेले आणि १९०८ साली सयामला पाठवले गेले. तोपर्यंत आयोगाचे काम थांबून काही महिने झाले होते, म्हणजे आयोगाने हा नकाशा पाहून मंजूर केलाच नाही. आणि त्या नकाशात डांगरेकच्या पत्रकावर रेषा अशी वळली आहे की अख्खे मंदिर कंबोडियाच्या बाजूला येते. कराराचा मजकूर म्हणतो आढे, नकाशाची रेघ जाते आढ्याला वळसा घालून. आमच्या भाषेत सांगायचे तर टिपण एक बोलते आणि नकाशा दुसरेच.

आणि ज्यांचे ते मंदिर, ज्यांच्या पूर्वजांनी ते दगड चढवले, ते ख्मेर लोक कुठे होते ? त्यांच्या वतीने फ्रेंच बसले होते. ज्याचे शेत तो गैरहजर, ही पद्धत आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे.

पुढची गोष्ट फार मार्मिक आहे. सयामने नकाशा ठेवून घेतला. हरकत तर घेतली नाहीच, उलट राजपुत्र दामरोंग यांनी आभार मानले आणि प्रांताधिकाऱ्यांना वाटायला आणखी पंधरा प्रती मागवल्या. १९३० साली हेच दामरोंग प्राचीन वास्तू पाहण्याच्या दौऱ्यात प्रेअह विहिअरला गेले. तिथे फ्रेंच अधिकारी गणवेशात स्वागताला उभा, वर फ्रान्सचा झेंडा ! राजपुत्रांनी पाहुणचार घेतला आणि बँकॉकला परतल्यावर त्या प्रसंगाची छायाचित्रे आभारासह पाठवून दिली. १९३४-३५ मध्ये सयामने स्वतः मोजणी केली तेव्हा नकाशा आणि पाणलोट जुळत नाहीत हे ध्यानात आले. तरीही १९३७ च्या फ्रान्सबरोबरच्या करारात तो मुद्दा काढला नाही.

१९४१ साली जपानच्या मध्यस्थीने थायलंडला गमावलेले प्रांत परत मिळाले. तोवर सयामचे नाव थायलंड झाले होते. बँकॉकमध्ये भर चौकात त्याचे विजयस्मारक उभे राहिले. युद्धानंतर, १९४६ साली, सगळे परत करावे लागले. स्मारक मात्र तिथेच राहिले. शाळेतल्या मुलांना 'आपण गमावलेला मुलूख' नकाशावर रंगवून शिकवला गेला. मुलूख जातो, पण रंगवलेला नकाशा डोक्यातून जात नाही.

कंबोडिया १९५३ ला स्वतंत्र झाला आणि फ्रेंच गेले. १९५४ ला थायलंडने मंदिरावर आपले पहारेकरी बसवले. साहेबाने काढलेला सातबारा कंबोडियाच्या हाती, वहिवाट थायलंडची. १९५९ साली कंबोडियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचिसन कंबोडियाच्या बाजूने उभे राहिले, थायलंडकडून सेनी प्रामोज. खटल्याच्या खर्चासाठी थाई माणसांकडून एकेक बाट वर्गणी गोळा केली गेली. १५ जून १९६२ ला निकाल लागला : नऊ विरुद्ध तीन मतांनी मंदिर कंबोडियाचे.

निकालाचे कारण नीट ऐका. पाणलोट खरोखर कुठून जातो हे न्यायालयाने तपासलेच नाही. त्याची गरज नाही असे म्हटले. नकाशा तुमच्या हाती आला, तुम्हाला बोलता येत होते, बोलायला हवे होते, पन्नास वर्षे बोलला नाहीत, म्हणून तो तुम्ही स्वीकारला, असा न्याय लावला. मौन म्हणजे संमती.

बंधू-भगिनींनो, या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे. कायद्याने हे ठीक आहे. मोजणीतही तेच चालते : नोटीस मिळाली, आला नाही, मुदतीत हरकत घेतली नाही, की हद्द कायम. पण मी तुम्हाला विचारतो. आपले आजे-पणजे पाटलाच्या वाड्यापुढून जोडे हातात घेऊन जात. त्यांनी हरकत घेतली नव्हती. कुठल्याही दप्तरात त्यांचा अर्ज सापडणार नाही. म्हणून ते त्यांना मान्य होते असा निकाल द्यायचा काय ? १९३० च्या त्या भेटीत दामरोंग यांची कन्या, राजकन्या पून पिस्माई, सोबत होती. तिचे म्हणणे न्यायालयापुढे आले होते. हरकत घेतली असती तर फ्रेंचांना आणखी मुलूख घ्यायला निमित्त मिळाले असते, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होते, असे ती म्हणाली. गनबोटी पाहिलेल्या माणसाचे ते मौन होते. ही राजकन्या पुढे वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्स या जागतिक संघटनेची अध्यक्ष झाली, ज्या संघटनेच्या काठमांडू अधिवेशनात १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब गेले होते. आपल्याला ती अगदीच परकी नाही.

तिचे म्हणणे मला पटते, पण अर्धे. राजाचे मौन आणि महाराचे मौन एका मापाने मोजता येत नाही. सयामचा वकील पॅरिसमध्ये बसलेला होता, सयामकडे मंत्री होते, छापखाने होते, पुढे करार करायच्या संधी आल्या होत्या. तिथे गप्प बसणे हा थोडा भीतीचा आणि थोडा सोयीचा भाग होता. खरोखर मुका पक्ष तिसराच होता, आणि तो म्हणजे डोंगराच्या दोन्ही अंगांना राहणारा माणूस. थायलंडच्या सुरीन, सिसाकेट या सीमेवरच्या प्रांतांत आजही लाखो लोक घरी ख्मेर बोलतात. त्यांना १९०४ ला कोणी विचारले नाही आणि १९६२ लाही नाही.

निकालानंतर थायलंडने मंदिर सोडले, पण नाराजीने. झेंडा खाली उतरवायचा नाही म्हणून सैनिकांनी तो काठीसकट उपटून नेला. जाताना मंदिराभोवती काटेरी तार घातली : एवढेच तुमचे, बाकी आमचे. न्यायालयाने मंदिर कोणाचे ते सांगितले होते, भोवतालच्या जमिनीची हद्द निकालात रेघ मारून दिली नव्हती. ती वादग्रस्त जमीन किती ? ४.६ चौरस किलोमीटर. आपल्या हिशेबाने साधारण अकराशे एकर. एखाद्या लहान खेड्याचे शिवार याहून मोठे असते.

पण त्या कड्यावरून काय काय खाली गेले ! जून १९७९. पोल पॉटच्या राजवटीतून वाचलेले कंबोडियन लोक जीव घेऊन थायलंडमध्ये आले होते. थाई सरकारने त्यातल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांना बसगाड्यांत भरून प्रेअह विहिअरला आणले आणि कड्यावरून खाली, परत कंबोडियात, उतरायला लावले. खालच्या उतारावर सुरुंग पेरलेले होते. मागे फिरणाऱ्यांवर बंदुका रोखलेल्या. शेकडो माणसे, कदाचित हजारो, त्या उतारावर मेली. पाण्याविना मेली, सुरुंगाने मेली. 'पवित्र विहार' नावाच्या जागेवरून बौद्ध देशाच्या सैनिकांनी बौद्ध बायका-मुलांना ढकलले. मंदिरावर मोठमोठे ग्रंथ निघाले, पण या गोष्टीवर फार थोडे लिहिले गेले आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी घटना हीच आहे.

पुढचे भराभर सांगतो. २००० साली दोन्ही देशांनी सामंजस्याचा करार केला की संयुक्त आयोग हद्द मोजील आणि तोवर कोणी जागेवर बदल करणार नाही. २००३ साली एका थाई नटीने 'अंगकोर वाट आमचे' असे म्हटल्याची अफवा उठली आणि नोम पेन्हमध्ये जमावाने थाई वकिलात जाळली. ७ जुलै २००८ ला युनेस्कोने प्रेअह विहिअरला जागतिक वारसा म्हटले. खरे तर दोघांनी पेढे वाटायचे. पण बँकॉकमध्ये सरकार पाडायला निघालेल्या पिवळ्या शर्टवाल्यांना आयता मुद्दा मिळाला, आणि त्याच महिन्यात कंबोडियात निवडणूक होती. थाई परराष्ट्रमंत्र्याला तीन दिवसांत राजीनामा द्यावा लागला आणि कड्यावर दोन्ही सैन्ये जमली. २०११ मध्ये तोफा चालल्या, मंदिराच्या दगडांना मार लागला. ११ नोव्हेंबर २०१३ ला न्यायालयाने पुन्हा सांगितले की मंदिराचे ते संपूर्ण टोक कंबोडियाचे आहे. शेजारची टेकडी मात्र त्या निकालात घेतली नाही.

मग आयोगाने हद्द मोजली का नाही ? इथे माझ्या धंद्यातली गोष्ट येते. कंबोडिया फ्रेंचांचा जुना नकाशा पुढे करतो, त्याचे प्रमाण दोन लाखाला एक. थायलंड आपला नकाशा पुढे करतो, पन्नास हजाराला एक. दोन लाखाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर दोन किलोमीटर. पेन्सिलची अर्ध्या मिलिमीटरची रेघ काढली तर त्या रेघेच्या जाडीखालीच शंभर मीटर जमीन झाकली जाते ! त्या शंभर मीटरमध्ये मंदिर बसते, पाण्याची टाकी बसते, सैन्याची चौकी बसते. दोन वेगळ्या प्रमाणांचे नकाशे एकमेकांवर ठेवून हद्द जुळवता येत नाही, हे आमच्या खात्यातला नवखा माणूसही सांगेल. आणि त्यात भर अशी की डांगरेकच्या पूर्व भागात हद्दीचे दगडच रोवलेले नाहीत. कडा एवढा ढळढळीत दिसतो, दगड कशाला, असे साहेबांना वाटले असावे. नेमका तिथेच वाद जास्त.

आणि एक. दोन्ही पक्ष उतारा काढतात तो आपापल्या सोयीच्या सालापासून. थाई माणूस १९०७ पासून हिशेब सुरू करतो : फ्रेंचांनी आमचे लुबाडले. ख्मेर माणूस त्याच्या मागे जातो : तुम्ही आमचे आधीच लुबाडले होते, फ्रेंचांनी ते फक्त सोडवून दिले. आणखी मागे गेले तर अंगकोरचे साम्राज्य आजच्या थायलंडमध्येही पसरलेले होते. कोणीच खोटे बोलत नाही, म्हणून तर भांडण मिटत नाही. परक्याने काढलेल्या रेघेचा हा दुर्गुण मला सर्वांत मोठा वाटतो. तिच्यातली चूक दुरुस्त करायला ती काढणारा हजर नसतो, तो पॅरिसला निघून गेलेला असतो. पण तेवढ्याने रेघ धगधगत नाही. तिच्यावर फुंकर घालायला घरचेच लागतात.

२०२५ मध्ये ते उघडे पडले. २८ मे रोजी सीमेवर एक कंबोडियन सैनिक मारला गेला. कंबोडियाने चार वादग्रस्त जागांसाठी पुन्हा हेगचा रस्ता धरला, थायलंडने ते न्यायालय मानायला नकार दिला. जूनमध्ये थायलंडच्या पंतप्रधान पेतोंगतार्न शिनावात्रा यांनी कंबोडियाचे जुने नेते हुन सेन यांना फोन केला. दोन्ही घराणी एकेकाळी अगदी घरोब्याची, म्हणून त्या त्यांना 'काका' म्हणाल्या आणि स्वतःच्याच एका सेनाधिकाऱ्याविषयी नाराजीने बोलल्या. काकांनी ते संभाषण ध्वनिमुद्रित केले होते. ते बाहेर आले आणि पुतणीची खुर्ची गेली : जुलैमध्ये निलंबन, २९ ऑगस्टला न्यायालयाने पदावरूनच काढले. मधल्या काळात, २४ जुलैला, लढाई पेटली. एका बाजूने रॉकेटे, दुसऱ्या बाजूने लढाऊ विमाने. सिसाकेटमध्ये पेट्रोलपंपावरच्या दुकानावर रॉकेट पडून खाऊ घ्यायला आलेली मुले मेली. पाच दिवसांत चाळीसहून अधिक माणसे गेली, तीन लाखांवर लोक घर सोडून निघाले. कुठे गेले ? दोन्हीकडचे बरेचसे लोक विहारांच्या आवारात जाऊन झोपले. थायलंडमध्ये मजुरी करणारे लाखो कंबोडियन कामगार बोचकी बांधून परत निघाले. आपल्याकडचा ऊसतोड कामगार किंवा वीटभट्टीचा मजूर डोळ्यांसमोर आणा म्हणजे त्यांची दशा कळेल.

२८ जुलैला मलेशियात शस्त्रसंधी झाली. २६ ऑक्टोबरला क्वालालंपूरला मोठ्या थाटात संयुक्त घोषणापत्रावर सह्या झाल्या, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष साक्षीला होते. नोव्हेंबरमध्ये सुरुंगाने थाई सैनिक जखमी झाले, थायलंडने घोषणापत्राची अंमलबजावणी थांबवली आणि डिसेंबरमध्ये पुन्हा लढाई. या वेळी पाच लाखांहून अधिक लोक विस्थापित. २७ डिसेंबर २०२५ ला पुन्हा शस्त्रसंधी.

मघाशी इथे येण्याआधी एका उपासिका ताईंनी मला विचारले, "दादा, दोन्हीकडे धम्म आहे, तर मग त्यांना लाज कशी वाटत नाही ?" मी त्यांना म्हटले, ताई, दोन्हीकडच्या सैनिकांच्या गळ्यात बुद्धाचे ताईत असतात. शाक्य संघातही बहुमत सेनापतीच्याच ठरावाला मिळाले होते, सिद्धार्थाला नव्हे. ताई म्हणाल्या, "मग त्या पाच जणांचं काय झालं ?" हा प्रश्न मला फार आवडला. कारण तसे पाच जण तिकडे आहेत. संयुक्त सीमा आयोग, ज्याचे नाव वर्तमानपत्रात लढाईच्या बातमीच्या शेवटच्या ओळीत येते. या सीमेच्या पश्चिम भागात फ्रेंच काळात रोवलेले सत्तरच्या वर खांब आहेत. काही जंगलात गाडले गेले, काही हलले, काही सापडतच नाहीत. दोन्ही देशांचे मोजणीदार एकत्र जाऊन ते शोधत आले आहेत. अंगाला जळवा लागतात, पायाखाली सुरुंगाची भीती. एक बाजू म्हणते खांब इथे होता, दुसरी म्हणते दहा पावले तिकडे. निम्म्याहून अधिक खांबांच्या जागा त्यांनी अशा रीतीने दोन्हीकडून मान्य करून घेतल्या आहेत. त्याचा कुठे जल्लोष झाला नाही, कोणी राजीनामा दिला नाही, कोणाचे भाषण गाजले नाही. उरलेल्या खांबांचे आणि पूर्वेकडच्या बिनदगडाच्या कड्याचे काम बाकी आहे.

घड्याळ पुढे गेले आहे आणि भोजनदानाची पंगत खोळंबली आहे, म्हणून थांबतो. कोणाला नकाशा पाहायचा असेल तर मी दोन्ही प्रमाणांत हाताने काढून आणला आहे, तो मागच्या टेबलावर ठेवतो. जयभीम. नमो बुद्धाय.